चार्लीच्या हातातला झाडू

चार्ली चॅप्लिनवर मराठीत जो कोणी लिहितो तो शेवटी रडतो. आधी टोपी, काठी, ढगळ विजार, बदकासारखी चाल यांचं वर्णन होतं, मग दोनचार गमती सांगून होतात, आणि मग 'हसता हसता डोळ्यांच्या कडा ओलावल्या' हे वाक्य येतंच येतं. मी शाळेत होतो तेव्हापासून हे वाक्य वाचत आलो. लिहिणारे बदलले, वाक्य बदललं नाही. ज्यांच्या घरी दोन्ही वेळची चूल पेटते त्यांना भुकेल्या माणसाकडं बघून रडायला आवडतं, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. मला त्या रडण्याचा कंटाळा आला आहे. मला चार्लीच्या हसण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही एका वस्तीत झालेल्या हसण्याबद्दल.

आधी माझं काय ते सांगतो. मी जुन्या फिल्मची रिळं जमवतो. हा शौक माझ्यासारख्याला परवडणारा नाही, हे घरात रोज ऐकतो. माझा बाप कोळसा खाणीत होता आणि आजा वडसा-आरमोरीकडचा. तो सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. महाकालीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तिकिटाचे पैसे नसले की आम्ही पोरं तंबूच्या मागच्या अंगानं, पडद्याच्या उलट्या बाजूनं बघायचो. म्हणजे मी सिनेमा पहिल्यांदा बघितला तो उलटा. हिरो डाव्या हातानं जेवायचा, पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची. तंबू उठला की खाली तुटक्या फिल्मचे तुकडे सापडायचे. ते उन्हाकडं धरून बघायचे. तिथून हे सुरू झालं.

पुढं नोकरीला लागल्यावर चंद्रपुरातल्या एका कबाड्याकडं सोळा मिलिमीटरची एक डबी सापडली. त्यानं ती किलोच्या भावानं दिली. डबीवर नाव नव्हतं. रिळाला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. घरी येऊन डबी उघडली तर लोणच्याची बरणी बिघडल्यावर येतो तसा आंबट वास. हा वास म्हणजे फिल्मचा रोग. जुन्या फिल्मचा पाया नायट्रेटचा असायचा, तो भसकन पेटायचा. त्यानंतर ॲसिटेटचा आला. तो तसा पेटत नाही, पण उष्णतेनं आणि दमटपणानं आतून सडतो आणि शिरक्यासारखा वास सोडतो. फिल्म आखडते, वळते, मग प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाही. चंद्रपूरचा मे महिना ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको की इथं फिल्म ठेवणं म्हणजे तव्यावर लोणी ठेवणं.

ते रीळ कशाचं ते मला फार वर्षं कळलं नाही. एक धिप्पाड गुंड, एक गल्ली, एक बुटका पोलीस. पोलीस गुंडाचं डोकं रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यात घालतो आणि गॅस सोडून त्याला बेशुद्ध करतो. नंतर एका पुस्तकात त्या दिव्याचं चित्र बघितलं तेव्हा उलगडा झाला. चॅप्लिनची 'ईझी स्ट्रीट', १९१७ सालची. माझ्याकडं तिची मधली दहा मिनिटं. त्यात मला सर्वांत आवडतो तो प्रसंग वेगळाच. एक बाई भुकेपायी खाण्याची चोरी करते. पोलीस झालेला चार्ली तिला पकडतो, पण तिची हकीगत कळल्यावर स्वतःच झोपलेल्या विक्रेत्याच्या दुकानातून उचलून उचलून तिच्या ओट्यात भरतो. अंगावर वर्दी, आणि हात चोरीत. हे बघून वस्तीतली पोरं जी शिट्टी मारतात ती कोणत्याही समीक्षेत आलेली नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण तिच्यावरून लोक चार्लीला चुकीचं समजतात. मूकपट सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं या वेगानं घेतले जात. बोलपटाचा प्रोजेक्टर चोवीसनं धावतो. म्हणून जुनी फिल्म आपल्या यंत्रावर लावली की सगळे धावतपळत, झटके देत चालतात. विनोदी फिल्मवाले थोडा वेग मुद्दाम वाढवायचे हे खरं, पण आपण बघतो ती सगळी धांदल चार्लीची नसते. बरीच आपल्या यंत्राची असते. माझ्या प्रोजेक्टरला वेग कमी करायची कळ आहे. ती फिरवली की तोच माणूस थकलेला दिसतो.

आता त्या रात्रीबद्दल. दोनेक वर्षांमागं चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत पोरांनी मला सांगितलं, भाषणं पुष्कळ झाली, तुम्ही तुमचा सिनेमा लावा. जयंती चौदाला, आणि चॅप्लिनचा जन्म सोळा एप्रिल १८८९ चा, बाबासाहेबांहून दोन वर्षांनी मोठा. आईच्या हलाखीपायी लंडनच्या अनाथ-गरिबांच्या कोंडवाड्यात बालपण काढलेला. म्हटलं सोळाला लावू. आधी माझं दहा मिनिटांचं रीळ प्रोजेक्टरवर, आणि मग डीव्हीडीवरून 'सिटी लाइट्स', १९३१ ची. तोवर सिनेमा बोलायला लागून तीनचार वर्षं झाली होती, तरी या गड्यानं हट्टानं मुकाच सिनेमा काढला, फक्त संगीत घातलं.

आमची वस्ती बौद्धांची. तिला लागूनच नगरपालिकेच्या सफाई कामगारांची लाइन आहे. मध्ये एक नाली. हे स्पष्ट लिहितो, कारण आपल्या मासिकांत आपण 'दलित' हा एकच शब्द वापरून अशा नाल्या बुजवून टाकतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. आमच्या घरांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, शाळा धरली, नोकऱ्या धरल्या. पलीकडच्या लाइनीत झाडू तसाच राहिला. आम्ही त्यांच्याकडं पाहुणे म्हणून किती वेळा गेलो? मी स्वतः मोजून सांगू शकतो, आणि आकडा सांगायला लाज वाटते. त्या रात्री पडदा मैदानात लावला होता, म्हणून पलीकडल्या बाया पण येऊन बसल्या. बसल्या त्या मागं, नालीच्या काठाला. पुढं या म्हणून कोणी म्हटलं नाही. मी पण नाही. मी वायरी जोडत होतो.

'सिटी लाइट्स'ची गोष्ट अशी. बेकार भटक्या चार्लीला एक आंधळी फूलवाली भेटते, तिला तो श्रीमंत वाटतो. ती आजारी पडते, घरभाडं थकतं. पैसा पाहिजे म्हणून चार्ली काम धरतो. कोणतं? रस्ते झाडायचं. हातात झाडू, सोबत ढकलगाडा, आणि रस्त्यावरची जनावरांची लीद उचलायची. आता ती प्रसिद्ध गंमत. समोरून घोड्या-खेचरांची रांग येते. चार्ली बघतो, हिशोब करतो, आणि तोंड फिरवून दुसऱ्या दिशेला चालायला लागतो. तिकडून हत्ती येतो.

चॅप्लिनवरच्या मराठी लेखांत हा प्रसंग मी फार कमी वेळा बघितला. शेवटचा फुलाचा प्रसंग सगळ्यांना पाठ. लीद कोणाला नको.

मैदानात काय झालं? आम्ही हत्ती आल्यावर हसलो. मागच्या बाया खेचरं आली तेव्हाच हसल्या. आमच्या कितीतरी आधी. चार्लीच्या चेहऱ्यावर हिशोब उमटायच्या आत त्यांच्यात उमटला होता. एक म्हणाली, "पाय बाई, आता पयते कसा!" आणि तो खरंच पळाला. हत्ती आला तेव्हा तर त्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. गणपतीच्या मिरवणुकीमागं, लग्नाच्या वरातीमागं, मंत्र्याच्या दौऱ्यामागं झाडत चालणाऱ्या बाया त्या. आमच्यासाठी तो विनोद होता, त्यांच्यासाठी ती बातमी होती. आपलं काम कोणीतरी बघितलं, नीट बघितलं, त्यातला कंटाळा, त्यातली हुशारी, त्यातली पळवाट बघितली याचं ते हसू होतं. कोणाच्याही डोळ्याच्या कडा ओलावल्या नाहीत.

मूकपटातल्या विनोदाकडं मी त्या रात्रीपासून असा बघतो: तो करुणेचा नाही, कामाचा विनोद आहे. माणसाचं अंग आणि त्याला दिलेलं काम यांच्यात जो झगडा चालतो तो शब्दांवाचून दाखवणं, ही त्याची कला. बोलणारा विनोद ज्याची भाषा चालते त्याचा असतो. आमची झाडीची बोली मुंबई-पुण्याच्या नाटकात आली की तीच मुळात विनोद ठरते, तिला गंमत करावी लागत नाही. मुक्या माणसाला ते करता येत नाही. चार्लीची बोली कोणाला ऐकू येत नाही, म्हणून तिला हसता येत नाही. त्याच्या हुशारीलाच हसावं लागतं.

आता आपल्या सिनेमाच्या इतिहासाशी हे ताडून बघू. आपला पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याचा दरवर्षी गौरव होतो. पण त्या गोष्टीतलं राजाचं सर्वांत मोठं दुःख कोणतं? बायकोपोरं विकली जातात ते आहेच, पण खरा कळस म्हणजे राजाला डोंबाघरी पाणी भरावं लागतं, स्मशान राखावं लागतं. मराठीत ही म्हणच होऊन बसली आहे. म्हणजे एका जातीचं रोजचं, बापजाद्यांचं काम हा राजाचा शाप. शाप उतरला की राजा परत गादीवर. डोंबाचं काय? पुराणकथा सांगते की तो डोंब खरा डोंब नव्हताच, तो वेषांतर केलेला धर्म होता. डोंबाला डोंब म्हणून उभं राहायला पुराणानं तेवढी जागा पण ठेवली नाही! त्याच्या हातचं पाणी कोण प्यायलं हा प्रश्न पण मग उरत नाही.

चार्लीच्या झाडूला शाप नाही, पूर्वजन्म नाही. भाडं भरायचं आहे म्हणून झाडू. जेवणाची सुट्टी झाली की हात धुतो आणि सोबतच्या कामगाराच्या बाजूला बसून खातो. तिथं साबणाची वडी आणि चीजचा तुकडा यांची अदलाबदल होते, सोबती साबण खातो आणि चिडून बोलायला लागतो तर तोंडातून फेसाचे बुडबुडे. बस्स. कोणी विटाळत नाही. अमेरिकेत जात नव्हती म्हणून तिथं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, त्याच्याकडं येतोच.

एक योगायोग नोंदवून ठेवतो. हा सिनेमा १९३१ चा. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब लंडनला होते, गांधीही होते. २२ सप्टेंबरला चॅप्लिन गांधींना भेटला आणि त्यांच्यात यंत्रांविषयी बोलणं झालं. पडद्यावर नुकताच झाडू धरून आलेला माणूस, आणि झाडूला पवित्र सेवा म्हणणारा माणूस. पुढं १९३६ मध्ये गांधींनी आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला, आणि त्या सगळ्या विचाराची बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात चिरफाड केली. 'सिटी लाइट्स'मधली ती खेचरांकडं फिरवलेली पाठ बाबासाहेबांच्या बाजूची आहे, असं मला वाटतं. सेवा समजणारा खेचरांच्या दिशेनं चालत गेला असता.

बरं, आपल्याकडं मुका विनोद झालाच नाही का? झाला. फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर'च्या सोबत दाखवायला 'पिठाचे पंजे' नावाची छोटी गमतीची फिल्म केली, १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून 'अगकाड्यांची मौज' केली. इतिहासवाले या फिल्मचं नाव अर्ध्या ओळीत उरकतात. कौतुक देवांचं. 'काळिया मर्दन' (१९१९) बरीचशी टिकली आहे, तिच्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे आणि लोणीचोरीच्या खोड्या मोठ्या गोड करते. पण ती खोडी देवाची. देवाच्या पोरानं लोणी चोरलं की लीला, 'ईझी स्ट्रीट'मधल्या बाईनं चोरलं की चोरी. बंगालीत कालीपद दासांची 'जमाई बाबू' (१९३१) वाचली आहे. गावाकडचा भोळा जावई कलकत्त्यात येऊन हरवतो, चार्लीची नक्कल उघड आहे. पण निदान तो जावई रस्त्यावर आहे, स्वर्गात नाही.

हजारावर मूकपट या देशात झाले. पूर्ण अवस्थेतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले. 'राजा हरिश्चंद्र'चीही पहिली आणि शेवटची रिळंच आहेत, आणि तीसुद्धा १९१७ मध्ये नव्यानं घेतलेल्या प्रतीची असं जाणकार मानतात. बाकी कुठं गेले? काळ्यापांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते. ती धुऊन काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायच्या, असा धंदाच होता. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ ला, तोवर मूकपट संपून तीस वर्षं झाली होती. पी. के. नायर नावाच्या माणसानं गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून डबे गोळा केले नसते तर हेही उरलं नसतं. २०१६ मध्ये ते गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण आंबट वासाची डबी हुंगणारे सगळे त्यांच्याच घराण्यातले.

पण काय टिकतं आणि काय जळतं यात नुसता हवामानाचा हात नसतो. केरळमध्ये पी. के. रोझी नावाची पुलय समाजाची बाई होती. लोकनाट्यात काम करायची. जे. सी. डॅनियलनं तिला 'विगतकुमारन'मध्ये नायिका केली. साल १९२८ की १९३० यावर वाद आहे, पण काय घडलं यावर नाही. दलित बाई पडद्यावर नायर बाई झाली म्हणून वरच्या जातीचे प्रेक्षक खवळले, तिला गाव सोडून पळावं लागलं. आज ती फिल्म नाही. तिकडं अमेरिकेत बर्ट विल्यम्स नावाचा काळा विनोदी नट १९१३ मध्ये जवळजवळ सगळे काळेच कलावंत घेतलेल्या एका फिल्ममध्ये नायक होता. ती अर्धवट सोडून दिली गेली. रिळं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पडून होती, ती जुळवून २०१४ मध्ये लोकांना दाखवली. एकशे एक वर्षांनी. तिच्यात भोवतीचे सगळे आपल्या रंगात, आणि एकटा विल्यम्स, स्वतः काळा असून, तोंडाला आणखी काळं फासून. विनोदी काळा माणूस गोऱ्यांना तसाच पाहिजे होता. आणि बस्टर कीटन, ज्याचं अंग बघून मी आजही थक्क होतो, तो 'कॉलेज' (१९२७) मध्ये तोंडाला काळं फासून काळा वेटर झाला आहे. तिथं माझं हसू थांबतं. ज्यांनी पँथरचं नाव तिकडून आणलं त्यांच्या पोरांनी तिथं हसू नये. पण ते रीळ माझ्या हातात आलं तर मी तो तुकडा कापणार नाही. कापला तर पुरावा जाईल.

हा प्रश्न मला माझ्या मुलखालाही विचारावा लागतो. मंडईच्या रात्री दंडार व्हायची, आता वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. त्यातला विनोदी नट पाटलाची, सावकाराची अशी फिरकी घेतो की पाटील पण पुढच्या रांगेत बसून हसतो. माझा आजा त्याच नटासाठी दोन कोस चालत जायचा. पण तोच नट बाईच्या काळ्या रंगावर, मुक्या-बहिऱ्यावर, रानातून आलेल्या माणसाच्या बोलण्यावर पण हसवतो, आणि आमचेच लोक टाळ्या पिटतात. माडिया-गोंड माणूस नाटकात आला की तो भोळा आणि वेंधळा. त्याचं काम, त्याचा हिशोब, त्याची पळवाट कोणी बघत नाही. हे आम्ही लिहायला पाहिजे होतं. लिहिलं नाही, कारण आम्ही मुंबईच्या नाटकांवर लिहीत बसलो.

मैदानाकडं परत येतो. आंधळीच्या घरी पत्र वाचून दाखवण्यात चार्लीला कामावर परतायला उशीर होतो आणि त्याला काढून टाकतात. चटकन होतं ते, काही सेकंदांत. आमच्या बाजूला कोणी फारसं लक्ष दिलं नाही, पोरं चिवडा खात होती. मागून एक आवाज आला, "रोजंदारीवर होता का पर्मनंट?" कोणी हसलं नाही. त्या लाइनीतली निम्मी माणसं ठेकेदाराकडं आहेत. मी इतकी वर्षं चॅप्लिनबद्दल वाचलं, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

शेवटी तो फुलाचा प्रसंग. मुलीचे डोळे बरे झाले आहेत, ती दुकानात बसते, चार्ली तुरुंगातून सुटून फाटका होऊन आला आहे. ती त्याला ओळखत नाही. दया म्हणून नाणं द्यायला त्याचा हात हातात घेते, आणि हाताच्या स्पर्शावरून ओळखते. इथं मी कबूल करतो की मी गप्प झालो. कडा ओलावल्या म्हणून नाही. सगळे लिहिणारे तिच्या डोळ्यांबद्दल लिहितात. ओळख डोळ्यांनी झालेली नाही, हातानं झाली आहे, आणि तो हात झाडू धरलेला हात आहे. स्पर्शावर सगळा समाज उभारलेल्या देशात या जागेवर एका समीक्षकाला थांबावंसं वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं, आणि वाटत पण नाही.

सिनेमा तिथंच संपतो. दोघांचे चेहरे, आणि अंधार. पोरं वायरी गुंडाळायला लागली. मागच्या बायांतली सर्वांत म्हातारी, जिला सगळे आजी म्हणतात, ती नाली ओलांडून पुढं आली आणि माझ्या डब्यांच्या पेटीजवळ उभी राहिली.

"मंग? घरात घेतलन का त्याले?"

मी म्हटलं, "आजी, सिनेमा इथंच संपते."

"असा कसा संपन? एक रीळ राह्यलं असन तुह्याजवळ. पाय बरं पेटीत."

मी पेटी उघडून दाखवली. तिचा काही विश्वास बसला नाही.